शंका-समाधान : रास्पबेरी पायला तापमानाचे सेन्सर जोडताना

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा संगणक. खाली त्यालाच नुसते ‘पाय’ म्हटले आहे. या वेळी आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच सेन्सरभोवती फिरतात : डीएस१८बी२०. ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, तीन पायांचा, काळा. हाच स्टीलच्या नळीत बसवून, केबलसकट ‘वॉटरप्रूफ प्रोब’ म्हणूनही मिळतो. मूळ उत्पादन डॅलस सेमीकंडक्टरचे. ती कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. त्यामुळे माहितीपत्रकांवर तीन वेगवेगळी नावे दिसली तरी चिप एकच आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावीत.

प्रश्न : ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या छिद्रांच्या पाटीवर) सेन्सर लावून रास्पबेरी पाय ४ ला जोडला. सेटिंगमध्ये वन-वायर सुरू केले. तरी २८ ने सुरू होणारे फोल्डर दिसत नाही. उलट ०० ने सुरू होणारी भलतीच नावे येतात आणि थोड्या वेळाने बदलतात. सेन्सर खराब निघाला का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : सेन्सर बहुधा चांगला आहे. पायला सेन्सर सापडला की त्याच्या नावाचे, २८ ने सुरू होणारे फोल्डर तयार होते. ०० ने सुरू होणारी, सतत बदलणारी नावे म्हणजे डेटाची तार अधांतरी असल्याची खूण. वन-वायर पद्धतीत सगळा संवाद एकाच डेटा-तारेवरून होतो. पाय काय आणि सेन्सर काय, दोघेही तार फक्त खाली, शून्य व्होल्टकडे ओढू शकतात. तिला परत ३.३ व्होल्टवर नेण्याचे काम ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर करतो. तो नसला, किंवा ब्रेडबोर्डच्या चुकीच्या ओळीत बसला, की तारेवरची खरखर पायला सेन्सरच्या उत्तरासारखी वाटते आणि नसलेली उपकरणे यादीत उगवतात.

रेझिस्टरवरचे पट्टे पिवळा, जांभळा, लाल असे हवेत. तिसरा पट्टा केशरी असेल तर तो ४७ किलोओहमचा आणि तपकिरी असेल तर ४७० ओहमचा. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि केशरी यांत सहज फसगत होते, म्हणून मल्टिमीटरने मोजूनच लावा. पाच पट्ट्यांचा असेल तर पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी आणि शेवटी टॉलरन्सचा पट्टा.

आता पाय पूर्ण बंद करून जोडणी पहिल्यापासून करा. सेन्सरची सपाट, अक्षरे छापलेली बाजू आपल्याकडे आणि त्याचे तीन पाय खाली धरले की डावा पाय ग्राउंड, मधला डेटा, उजवा पुरवठा. रास्पबेरी पायच्या ४० पिनांपैकी आतल्या रांगेत सगळ्या विषम क्रमांकाच्या पिना असतात. पिन १ मेमरी कार्डाच्या बाजूला असते आणि बोर्डाच्या खालून पाहिले तर तिचा सोल्डरचा ठिपका चौकोनी दिसतो. या आतल्या रांगेतली पहिली पिन (१) ३.३ व्होल्ट, चौथी (७) डेटा आणि पाचवी (९) ग्राउंड. रेझिस्टर सेन्सरच्या मधल्या आणि उजव्या पायांच्या मध्ये.

नेहमीचा घोळ इथे होतो. सॉफ्टवेअरमध्ये डेटाच्या पिनेला ‘जीपीआयओ ४’ म्हणतात, पण बोर्डावर ती ७ क्रमांकाची पिन आहे. बोर्डावरची चौथी पिन ५ व्होल्टची आहे. ‘चार’ मोजून तिथे तार लावली तर सेन्सर दिसणार नाहीच. पुल-अप चुकून ५ व्होल्टला गेला तर पायची पिन कायमची जळू शकते, कारण या पिना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाहीत.

वीज दिल्यावर पाच सेकंदांनी सेन्सरला बोट लावा. चटका बसला तर तो उलटा लागला आहे. लगेच वीज काढा. तेवढ्यात काढला तर पुष्कळदा तो वाचतो. ब्रेडबोर्ड लांब असेल तर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्येच तुटलेल्या आहेत का तेही मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून पाहा. अनेक बोर्डांत अर्ध्यावर वीज पोचतच नाही.

जोडणी झाल्यावर सॉफ्टवेअर. ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ चालवून इंटरफेस ऑप्शन्समध्ये वन-वायर सुरू करा आणि रीबूट करा. हाताने करायचे तर कॉन्फिग-डॉट-टीएक्सटी फाइलच्या शेवटी ‘डीटीओव्हरले=डब्ल्यू१-जीपीआयओ’ ही ओळ घाला. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल ‘बूट’च्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असते. जुन्या लेखांवरून थेट ‘बूट’मधल्या फाइलीत केलेला बदल नव्या आवृत्तीत लागू होत नाही.

मग ‘सिस’, ‘बस’, ‘डब्ल्यू१’, ‘डिव्हायसेस’ असे फोल्डर उघडत जा. तिथे डब्ल्यू१-बस-मास्टर१ (मधल्या जागी अंडरस्कोर) हे नावच नसेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये. ते आहे, पण २८ ने सुरू होणारे काही नाही, तर दोष तारांत. एवढी एक गोष्ट आधी पाहिली तर निम्मा वेळ वाचतो. २८ चे फोल्डर दिसले की त्यातली डब्ल्यू१-स्लेव्ह (इथेही अंडरस्कोर) ही फाइल वाचा. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘येस’ असेल तर रीडिंग धडपणे पोचले. दुसऱ्या ओळीत ‘टी=२७४३७’ असे दिसेल, म्हणजे २७.४३७ अंश सेल्सिअस. ‘नो’ आले तर ते रीडिंग टाकून पुन्हा वाचा. पाय त्याच वेळी दुसऱ्या कामात गुंतला तरी एखादे ‘नो’ येते. दर चार-पाच वाचनांत एक येऊ लागले तर मात्र तारा तपासा.

प्रश्न : मासळीच्या फ्रीझरमध्ये प्रोब आहे. बर्फ घट्ट असताना प्रोग्राम अधिक १८ दाखवतो, आणि दार उघडे राहून ४-५ अंशांवर आले की प्रोग्रामच बंद पडतो. (रत्नागिरी)

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेल्या प्रोग्राममध्येच कारण आहे. तो ओळीतली शेवटची पाच अक्षरे कापून घेतो. २७४३७ ला ते जमते. उणे १८ ला फाइलीत ‘-१८०६२’ येते, म्हणजे सहा अक्षरे, आणि कापताना उणे चिन्हच गळून पडते. ४ अंशांना ‘४१२५’ अशी चारच अक्षरे येतात, म्हणून पाचवे म्हणून बरोबरीचे चिन्ह आत येते आणि त्याचा आकडा करता येत नाही. अक्षरे मोजू नका. ‘टी=’ जिथे आहे तिथून ओळ दुभंगा आणि पुढचे सगळे पूर्णांक म्हणून घेऊन १००० ने भागा. नव्या कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) त्याच फोल्डरात ‘टेंपरेचर’ नावाची वेगळी फाइल असते. तिच्यात निव्वळ आकडा असतो, उणे चिन्हासकट.

प्रश्न : सोलर वॉटर हीटरच्या पाइपवर सेन्सर बांधला आहे. अधूनमधून बरोबर ८५.००० येते, रात्रीसुद्धा. प्रोग्राममध्ये ८५ गाळून टाकू का? (लातूर)

उत्तर : सरसकट गाळू नका. उन्हाळ्यात दुपारी कलेक्टरचे पाणी खरोखरच ८५ ला जाऊ शकते, आणि नेमके तेच रीडिंग तुम्हाला हवे आहे.

वीज मिळताक्षणी सेन्सर आपल्या खणात ८५ हा आकडा ठेवतो. मोजमाप होण्याआधीच वाचले, किंवा मोजमाप चालू असताना वीज क्षणभर गेली, की तोच आकडा हाती येतो. १२ बिटांचे मोजमाप पुरे व्हायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्या वेळात पुरवठा डळमळला तर सेन्सर नव्याने सुरू होतो. म्हणून रात्री येणारे ८५ म्हणजे पुरवठ्याच्या तारेत सैल जोड, किंवा ती तार लागलेलीच नाही. पुरवठ्याची तार नसतानाही हा सेन्सर डेटाच्या तारेवरून वीज चोरून काम करायचा प्रयत्न करतो, पण मोजमाप करताना त्याला १ ते १.५ मिलिअँपिअर लागतात आणि ४.७ किलोओहममधून तेवढा प्रवाह येत नाही. गच्चीवर उन्हाने कडक झालेले स्क्रू-कनेक्टर आधी घट्ट करा. सेन्सरच्या पुरवठा आणि ग्राउंडमध्ये, त्याच्या जवळच, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

खरे ८५ आणि खोटे ८५ यांतला फरक फाइलीच्या पहिल्या ओळीत दिसतो. तिथे नऊ जोड्या असतात. दोन्ही वेळा पहिल्या दोन जोड्या ५० आणि ०५ अशाच येतात. सातवी जोडी पाहा. अस्सल चिपमध्ये मोजमाप न होता आलेल्या ८५ ला तिथे ‘०सी’ असते आणि मोजून आलेल्या ८५ ला ‘१०’. प्रोग्राममध्ये हीच अट घाला. आणखी एक : सगळ्या जोड्या ०० आणि शेवटी ‘येस’ असे दिसले तर ते शून्य अंश नव्हे. डेटाची तार ग्राउंडला टेकली आहे. नऊ शून्यांची बेरीज-तपासणीही शून्यच येते, म्हणून ‘येस’ छापले जाते.

प्रश्न : ५० फुटी कांदाचाळीत १२ प्रोब लावले आहेत. प्रत्येकाची केबल सरासरी ९ मीटर, सगळ्या एका टोकाच्या पेटीत पायजवळ एकत्र केल्या. टेबलावर बाराही दिसत होते. चाळीत चार-पाच दिसतात, तेही कधी हे तर कधी ते. (निफाड तालुका)

उत्तर : टेबलावर चालले आणि चाळीत नाही, याचे कारण केबलची रचना. तुम्ही चांदणी केली आहे : मध्ये पाय आणि त्यापासून बारा फांद्या. वन-वायरला माळ हवी.

आकडेमोड पाहा. अशा केबलची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला साधारण ५० पिकोफॅरड असते. १२ गुणिले ९ म्हणजे १०८ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० पिकोफॅरड, आणि हे सगळे एकाच डेटा-तारेवर. ४.७ किलोओहममधून ती तार वर चढायला सुमारे २५ मायक्रोसेकंद घेते. पाय मात्र प्रत्येक बिट पहिल्या १५ मायक्रोसेकंदांच्या आत वाचतो. तार अजून वर चढतेच आहे तोवर वाचले गेले की १ चा ० होतो. शिवाय प्रत्येक फांदीच्या मोकळ्या टोकावरून लहर परत येते. बारा टोकांच्या बारा लहरी एकमेकींत मिसळतात. म्हणूनच कधी हा सेन्सर दिसतो, कधी तो.

तीच बारा सेन्सरांची माळ केली तर १८ मीटरच्या एकाच केबलचे ९०० पिकोफॅरड होतात आणि चढण्याचा वेळ ४ मायक्रोसेकंदांवर येतो. लॅनची कॅट-५ किंवा कॅट-६ केबल घ्या. निळ्या जोडीत निळी तार डेटा आणि तिच्याशी पिळलेली पांढरी-निळी ग्राउंड. ३.३ व्होल्ट केशरी तारेतून न्या आणि तिच्या जोडीची पांढरी-केशरीही ग्राउंडला लावा. डेटा आणि पुरवठा एकाच पिळात घालू नका. केबल चाळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग जाऊ द्या. प्रत्येक सेन्सरच्या जागी तिचे वरचे आवरण काढून प्रोबची तार १५-२० सेंटिमीटरांवर कापून सोल्डर करा आणि हीट-श्रिंक चढवा. प्रोबची मूळ लांब केबल गुंडाळून ठेवली तर ती फांदीच राहते, म्हणून कापायलाच हवी.

पुल-अप एकच, पायजवळ. १८ मीटरला ४.७ किलोओहम चालतो. अडले तर २.२ वर या. १ किलोओहमच्या खाली जाऊ नका, कारण मग सेन्सरला तार खाली ओढणे जड जाते. पायच्या पिनेपासून डेटा-तारेत १०० ओहमचा रेझिस्टर ओळीत घातला तर लहरीही शमतात आणि बाहेरून आलेल्या झटक्याला थोडा अडसर होतो. बारा सेन्सरांना मिळून जेमतेम १८ मिलिअँपिअर लागतात, तेव्हा ३.३ व्होल्टचा पुरवठा पुरतो.

केबल पुन्हा ओढणे शक्य नसेल तर दुसरी वाट आहे. कॉन्फिग-डॉट-टीएक्सटीमधली ओव्हरलेची ओळ तीन वेळा लिहा आणि प्रत्येकीच्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘जीपीआयओपिन=’ मध्ये ४, १७ आणि २७ असे क्रमांक द्या. तीन वेगळ्या बस (स्वतंत्र डेटा-तारा) तयार होतात. प्रत्येकीला स्वतःचा पुल-अप आणि चार-चार प्रोब. चांदणी राहते, पण प्रत्येकीवरचा भार तिसऱ्या हिश्शावर येतो. २.२ किलोओहमसह हे बहुतेक वेळा चालते. माळ केलेली अधिक चांगली, हे मात्र खरेच.

कोणता प्रोब कुठला, हे माळ ओवण्याआधी ठरवा. एकेक प्रोब एकटा जोडून त्याचा २८ पुढचा बारा अक्षरी क्रमांक वहीत लिहा आणि केबलवर चिकटवा. हा क्रमांक कारखान्यातच कोरलेला असतो, बदलता येत नाही. प्रोग्राममध्येही ‘पहिला, दुसरा’ असे न लिहिता क्रमांकानेच ओळख ठेवा. एक प्रोब बिघडला की यादीतला क्रम सरकतो आणि नोंदींत वरच्या थराचे तापमान खालच्या थराच्या नावावर पडते. बारा सेन्सर एकामागून एक वाचायला ९ सेकंद लागतात. पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८, कांद्याला भरपूर झाल्या. दर सेकंदाला लिहीत बसलात तर मेमरी कार्ड आधी झिजेल.

आणि एक कळकळीची सूचना. साठवणीतल्या रब्बी कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हा सेन्सर आर्द्रता मोजत नाही. दमट हवेत कांद्याला कोंब फुटू लागतात आणि सड धरते, तेव्हा तापमान अगदी ठीक दिसत असते. चाळीच्या मध्यावर एसएचटी३१ हा आर्द्रतेचा एक सेन्सर लावाच. तो आयटूसीवर (दोन तारांच्या संवादपद्धतीवर) चालतो, पिना ३ आणि ५, पत्ता हेक्समध्ये ४४ किंवा ४५. त्याच्या तारा मात्र मीटरभराच्या आत ठेवा. त्यासाठी एक स्वस्त पाय झीरो (रास्पबेरी पायचीच लहान आवृत्ती) मध्यावरच बसवला तर सोयीचे.

प्रश्न : अंडी उबवण्याच्या यंत्रात दोन प्रोब शेजारी ठेवले तर ०.६ अंशाचा फरक येतो. प्रोग्राम तीन दशांश स्थळे दाखवतो. मग कोणता खरा? (बारामती)

उत्तर : दोन्ही आपापल्या हमीत असू शकतात. सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायरीने आकडा देतो, पण त्याची अचूकता उणे १० ते ८५ अंशांत अधिक-उणे ०.५ अंश एवढीच आहे. एक वर, एक खाली गेला की फरक १ अंशापर्यंत पोचतो. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास २१ दिवस काढायचे असतात, तिथे हा फरक परवडत नाही.

यावर उपाय ताडून पाहण्याचा. थर्मासमध्ये साधारण ३८ अंशांचे पाणी घ्या. डिजिटल क्लिनिकल थर्मामीटरचे टोक आणि प्रोबची टोके रबराने एकत्र बांधून पाण्यात सोडा (थर्मामीटरची पडद्याची बाजू बाहेर) आणि पाणी ढवळत राहा. हे थर्मामीटर साधारण ०.१ अंशापर्यंत खरे असते, पण ते सगळ्यांत वरचा आकडा धरून ठेवते, म्हणून बीप वाजताच त्याच क्षणीचे प्रोबचे रीडिंग लिहून घ्या. असे तीनदा करा आणि सरासरी फरक त्या प्रोबच्या क्रमांकापुढे नोंदवा. प्रोग्रामने तो वजा करावा. बर्फाचा चुरा आणि पाण्याचा लगदा करून शून्य अंशही ताडता येतो. उकळत्या पाण्याला मात्र १०० धरू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला ते साधारण १ अंशाने घटते, त्यामुळे पुण्यात पाणी ९८ च्या आसपासच उकळते.

प्रोब नकली आहे का, हे क्रमांकावरून कळते. अस्सल चिपचा क्रमांक २८ आणि आडव्या रेघेनंतर चार शून्यांनी सुरू होतो. तसा नसेल तर नक्कल समजा. नक्कल म्हणजे निकामी असे नाही, पण तिला ०.५ अंशाची हमी लागू नाही आणि वर सांगितलेली सातव्या जोडीची खूणही ती पाळेल असे नाही.

यंत्राच्या हवेत स्टीलचा प्रोब वापरूच नका, अशी आमची शिफारस. नळी तापायला-निवायला वेळ घेते, तोवर हीटर पुढे गेलेला असतो. उघडी काळी चिप अंड्यांच्या उंचीवर, पंख्याच्या थेट झोतापासून बाजूला टांगा. आणि हीटरच्या वाटेत ३८.५ अंशांना वीज तोडणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट ठेवा. पाय अडकला आणि रिले चालूच राहिला तर एका रात्रीत सगळी अंडी जातात.

प्रश्न : घरात एलएम३५ पडून आहे. तोच जोडता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : थेट नाही. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट असा दाब देतो आणि रास्पबेरी पायला अ‍ॅनालॉग इनपुटच नाही. मध्ये दाबाचा आकडा करून देणारी एमसीपी३००८ किंवा एडीएस१११५ ही चिप लावावी लागेल. एका सेन्सरसाठी तेवढा खटाटोप करण्यापेक्षा डीएस१८बी२० घ्यावा.

प्रश्न : दुधाच्या बल्क कूलरच्या टाकीतले वॉटरप्रूफ प्रोब दोन-तीन महिन्यांत बिघडतात. मग पाणी ‘शिरत नाही’ म्हणतात ते कशाच्या जोरावर? (संगमनेर तालुका)

उत्तर : नळीचे बंद टोक पाणी अडवते. दगा देते ते केबलकडचे टोक. तिथे थोडा इपॉक्सी किंवा सिलिकॉन आणि वरून हीट-श्रिंक एवढेच असते. टाकी ४ अंशांवर जाते, धुताना गरम पाणी लागते, पुन्हा थंड होते. या रोजच्या आकुंचन-प्रसरणात केबलचे पीव्हीसी आणि स्टील यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते आणि थंड होताना नळी ओल आत ओढते. ओल पोचली की आधी ‘नो’ वाढतात आणि शेवटी पूर्ण माळ बंद पडते, कारण एकाच प्रोबने डेटा-तार खाली धरून ठेवलेली असते. अशा वेळी एकेक प्रोब सोडवत गेलात की दोषी सापडतो.

प्रोब दुधात बुडवूच नका. स्वच्छतेच्या दृष्टीनेही ते योग्य नाही. टाकीला थर्मामीटरसाठी बंद तळाची स्टीलची नळी असेल तर प्रोब तिच्यात, थर्मल पेस्ट लावून, तळापर्यंत सरकवा. तशी सोय नसेल तर टाकीच्या आतल्या भिंतीला बाहेरून टेकवून वरून इन्सुलेशन बांधा. केबल बाहेर येते तिथे ती आधी खाली लोंबेल असा झोल द्या, म्हणजे धुण्याचे पाणी थेंबाथेंबाने झोलाशी गळेल, नळीकडे वाहणार नाही. प्रोब नवा असतानाच केबलकडच्या टोकाला चिकटणाऱ्या आतल्या थराची हीट-श्रिंक चार सेंटिमीटर चढवा, अर्धी स्टीलवर आणि अर्धी केबलवर. तारांचे रंग मात्र विक्रेत्यागणिक बदलतात. लाल सहसा पुरवठ्याची असते, पण पिवळी कधी डेटा, कधी ग्राउंड. म्हणून नवा प्रोब आधी टेबलावर एकटा लावून पाहा, त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि मगच माळेत ओवा.